कॉमिक्सची कोरडवाहू लागवड

मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती शिफारशींची पुस्तिका पडते, तशीच ही एक समजावी. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या नवशिक्या कॉमिक्स उत्पादकांसाठी ती तयार केली आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. कपाशी, तूर, ज्वारी, सोयाबीन, ज्याला जे हवं त्याचा सल्ला तिथे मिळतो. कॉमिक्सचा मिळत नाही. प्रस्तुत लेखकाला या पिकाचा चाळीस वर्षांचा अनुभव असून एकाही हंगामात नफा झालेला नाही. म्हणजे सल्ला द्यायला तो पुरेसा पात्र आहे.

जमीन व हवामान

जमीन कोणतीही चालते, फक्त वर पलंग असावा. पलंगाखालची पत्र्याची पेटी हे या पिकाचं पारंपरिक शेत. काचेच्या शोकेसमध्ये लागवड करू नये. पाहुण्यांच्या पोरांना ती फाटकातून दिसते.

हवामान मात्र आपल्याइतकं अनुकूल कुठेच नाही. पुण्या-मुंबईकडे वाचनाची आवड ग्रंथालयांनी लावली म्हणतात. आमच्याकडे ती उन्हाने लावली. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पंखा गरम हवाच फिरवतोय, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायची पाळी आपली, मोठी माणसं जेवून आडवी झालेली. अशा वेळी पोट्ट्यांना पाच तास गप्प बसवणारी एकच वस्तू होती आणि ती चार आण्यांत भाड्याने मिळायची. टपरीच्या दारात दोरी बांधलेली असे आणि तिच्यावर, कपडे वाळत घालावेत तशी, कॉमिक्स पालथी टाकलेली असत. आपण एक आणायचं, गल्लीतल्या तिघांनी आणलेल्या तिनांशी बदलायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी आपापलं परत करायचं. एका भाड्यात चार. पुढे कॉलेजात अर्थशास्त्र होतं, पण त्यात याहून उपयोगी असं काही निघालं नाही.

वाण

देशी की संकरित या वादात नवशिक्याने पडू नये. सगळं लावून पाहावं.

इंद्रजाल हा जुना वाण. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये तो बाजारात आणला आणि १९९० मध्ये बंद केला. आता जे काही बियाणं उरलंय ते लोकांच्या माळ्यावर. ली फॉक यांचा १९३६ सालचा फँटम त्यात मराठीतून ‘वेताळ’ होऊन यायचा. इथे एक धोक्याची सूचना. त्याच पलंगाखाली १९५२ पासून मराठीत निघणारा चांदोबाही असायचा आणि त्यातही एक वेताळ होता: विक्रमाच्या खांद्यावरून गोष्ट सांगणारा, राजा बोलला की झाडाकडे परत पळणारा. माझ्या डोक्यात हे दोघे बरीच वर्षं एकच होते. दिवसा समुद्री चाच्यांच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटवायचा, रात्री झाडाला उलटं लटकून राजाला कोडी घालायची. मला यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या गल्लीतले मास्तरसुद्धा संध्याकाळी विम्याची कामं करायचे.

इंद्रजालमधल्या वेताळाचं जंगल डेंकाली नावाच्या देशात होतं. माझ्या हिशेबाने ते परतवाड्याच्या पुढे घाट लागला की सुरू व्हायचं. १९७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला तो वाघांसाठी असं सरकार सांगत होतं. त्याच्या कवटीच्या गुहेवर पहारा ठेवायचा तर वाघांचं निमित्त बरं पडतं, एवढं आम्हाला कळत होतं. पहिल्यांदा सेमाडोहला गेलो तेव्हा मी वाघ पाहायला गेलो नव्हतो. वाघही दिसला नाही.

याच इंद्रजालमध्ये १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर येऊ लागला. भगवा कुर्ता, खाली जीन्स, समोर चंबळचे डाकू. मुखवटा नाही, अंगाला चिकटलेली चड्डी नाही. आईने त्याला जेवायला वाढलं असतं. वेताळाला वाढलं नसतं.

अमर चित्रकथा हा घरमान्य वाण. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केला. त्याआधी हेच पै टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते, हे घरच्यांना माहीत नव्हतं म्हणून बरं. अमर चित्रकथा देवघराजवळ ठेवता यायची, आजारपणात उशाशी मिळायची, वाढदिवसाला पाहुणे द्यायचे.

राज कॉमिक्स हा नंतर आलेला हायब्रीड. उतारा जोरदार, वास उग्र. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, दोघेही हिंदीतून. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे हिंदीची शिकवणी आम्हाला कधी लागली नाही. हा वाण घरात चोरूनच आणावा लागे. सापवाला हिरवा माणूस पाहून आईचा हात चपलेकडे जायचा. तिला कोणी सांगितलं नाही की अमर चित्रकथेत शिवाजी महाराज रेखाटणारे प्रताप मुळीक यांनीच सुरुवातीचे नागराजही काढले होते. हात तोच, जागा मात्र एकाला देवघराजवळ आणि दुसऱ्याला गादीखाली.

प्राण यांचा चाचा चौधरी बारमाही. कुठेही येतो, कोणीही वाचतो, वर्तमानपत्राच्या विक्रेत्यापासून आजोबांपर्यंत. अधिक निगा लागत नाही.

बियाणे खरेदी

माल वर्षातून दोनदा येतो: दिवाळीच्या आवराआवरीत आणि शाळांचे निकाल लागल्यावर. या दिवसांत रद्दीवाल्याकडे सकाळी जावं. किलोच्या भावाने मागावं, नगाच्या भावाने कधीही नाही. नगाने मागितलं की समोरच्याला कळतं की हा येडा आहे, आणि येड्याचा भाव वेगळा असतो. अमरावतीच्या इतवाऱ्याकडच्या एका दुकानातला माझा संवाद नमुन्यादाखल देतो.

“काय पायता भाऊ?”

“जुने कॉमिक्स हायत का?”

“हायत ना. कोनते पायजे?”

“वेताळाचे.”

“नाई बाप्पा. भुताखेताचं आपन नाई ठेवत. बाजूले देऊळ हाय.”

त्याच्या मागच्या ढिगात चार इंद्रजाल मला दिसत होती. मी म्हटलं, बरं, मग ती रंगीत रद्दी तोला. तोलली.

अमरावतीत माल संपला की अकोला गाठावं. पूर्वी या रस्त्याने मणके मोजत जावं लागे आणि पिशवीतल्या कॉमिक्सचे कोपरे मुर्तिजापूरपर्यंत दुमडून जात. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. आधीची वर्षं धरली नाहीत म्हणून विक्रम झाला, असं अकोल्यात म्हणतात. ते काही असो, कोपरे आता शाबूत राहतात.

उगवणशक्ती तपासूनच घ्यावं. अंक मधोमध उघडा: पिना दोन्ही जागेवर आहेत का? मधलं जोडपान आहे का? ते गेलेलं असेल तर गोष्टीत नायक बाराव्या पानावर विमानात असतो आणि सतराव्यावर त्याचं लग्न लागतं. अमर चित्रकथेची आवृत्ती ओळखायची तर मुखपृष्ठावरची किंमत पाहा. तोच अंक पुन्हा पुन्हा छापला गेला, किंमत मात्र दर वेळी वाढली. आत कोणाचं नाव लिहिलेलं असेल तर खोडू नये. माझ्याकडच्या एका अंकावर एकाखाली एक तीन नावं आहेत, तिन्ही वेगवेगळ्या शाईत, आणि तिन्हींच्या पुढे लिहिलंय: ‘हे पुस्तक माझे आहे.’

आणि शेवटचं पान बघा. हे मी ठळक सांगतो कारण मी बघितलं नव्हतं. माझ्याजवळ एक इंद्रजाल आहे, १९८३ च्या उन्हाळ्यात मामाच्या गल्लीतल्या मुलाकडून दोन भोवऱ्यांच्या बदल्यात घेतलेलं. त्याला मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव नाही आणि क्रमांकही नाही. शेवटच्या उरलेल्या चौकटीत वेताळाचे हात मागे बांधलेले आहेत आणि पाणी छातीपर्यंत आलंय. पुढे पिनांची दोन गंजकी भोकं.

आंतरमशागत, म्हणजे वाचन

डावीकडून उजवीकडे, वरून खाली. जपानी मांगा उलटीकडून वाचतात. ते हाती आलं आणि गोष्ट शेवटाकडून सुरू झाल्यासारखी वाटली तर छपाईला दोष देऊ नये. भूगोलाच्या पुस्तकात अंक नीट लपतो, गणिताच्या वहीत लपत नाही. वाचताना हसू आल्यास खोकावं.

खत

लागत नाही.

कीड व रोग

कपाशीवर लाल्या येतो तसा कॉमिक्सवर पिवळ्या येतो. हलक्या कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन ऊन आणि हवा लागली की पिवळं पडत जातं आणि शेवटी पान बोटात पापडासारखं मोडतं. यावर औषध नाही. लांबवता येतं एवढंच. अंधारी कोरडी जागा, पेटीला खिडकीचा कोवळा प्रकाशसुद्धा नको. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणारे हात बांधून ठेवावेत. चार-पाच उन्हाळ्यांत ती पट्टी तपकिरी होते, गोंद कागदात मुरतो आणि वेताळाच्या चेहऱ्यावर कायमची कावीळ उतरते. जपानी कागद मिळाला तर उत्तम. नाहीतर गव्हाच्या खळीने पातळ कागद लावावा, आणि तेही जमत नसेल तर फाटकं फाटकं राहू द्यावं. गंजलेल्या पिना नखाने नव्हे, चमच्याच्या दांड्याने उचलून काढाव्यात आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा.

कूलर हा आपल्याकडचा खास रोग. माणसाला गारवा लागतो म्हणून पेटी कूलरच्या वाऱ्यावर ठेवू नये. त्या वाऱ्यात पाणी असतं. दोन महिने तो वारा खाल्लेला अंक जुलैत उघडला की आतून आंबट वास येतो आणि पानं एकमेकांना धरून बसलेली असतात. जोर केला की नागराज या पानावरून त्या पानावर जातो. वाळवीसाठी पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळका पाला. डांबरगोळ्याही चालतात, पण मग वाचताना जुन्या लोकरीच्या स्वेटरशी गप्पा मारल्यासारखं वाटतं.

सर्वांत मोठी कीड म्हणजे मामेभाऊ. ही उन्हाळ्यात येते, गिला वडा खाल्लेल्या हाताने पानं उलटते, जाताना “वाचून आणून देतो ना बे” म्हणते आणि अंकासह उडून जाते. फवारणीचा उपयोग होत नाही. एकच उपाय: त्याच्याकडचे दोन अंक आपण आधीच आणून ठेवावेत. ही उपद्रवी कीड माझ्याकडे १९८७ मध्ये बहादूरचे सहा अंक घेऊन गेली. ती आता अकोल्यात दाताची डॉक्टर आहे. मी तिच्या दवाखान्यात जातो, तोंड उघडतो आणि विचारायची वेळ येते तेव्हा तोंडात कापूस असतो.

पेरणी

बरेच जण इथवर येऊन थांबतात, जन्मभर दुसऱ्याच्या वावरातलं वेचत राहतात. स्वतः पेरायला कारण लागतं. मला ते हरवलेल्या पानाने दिलं. आठवडाभर मी वाट पाहिली, कोणाकडे तो अंक निघाला नाही, पाणी छातीशीच. मग दुरेघी वहीचं पान फाडलं आणि वेताळाला मीच सोडवला. पहिल्या खेपेला त्याने दोर दातांनी तोडला. हात मागे बांधलेले असताना हे कसं जमलं असं धाकट्या बहिणीने विचारलं. दुसऱ्या खेपेला घोडा सोडवायला आला, पण मला घोडा काढता येत नव्हता, म्हणून चौकटीच्या कडेला नुसती शेपटी आणि धूळ. बहिणीला हे पान आवडलं. नवशिक्यांनी एवढं घ्यावं: जे काढता येत नाही ते चौकटीच्या बाहेर ठेवावं.

साहित्य जवळच्या स्टेशनरीत मिळतं: जाड ड्रॉइंग शीट, पेन्सिल, टाकाची निब, वॉटरप्रूफ काळी शाई, शून्य नंबरचा ब्रश. शाईची पेरणी मे महिन्यात करू नये. टाक कागदापर्यंत पोचेतो निबेत शाई वाळते, आणि कूलर लावावा तर ओल्या रेघेवर तुषार येऊन नायकाला देवीचे व्रण उठतात. दिवाळी ते संक्रांत हा काळ योग्य.

आधी अक्षरं लिहावीत, मग त्यांच्याभोवती फुगा काढावा. सगळे उलट करतात आणि शेवटचे तीन शब्द मुंगीएवढे होतात. आपल्या लिपीला जागाही जास्त लागते. इंग्रजीची मोठी अक्षरं विटेवर वीट ठेवावी तशी रचता येतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘कीं’च्या डोक्यावर आपटतो. म्हणून दोन ओळींत अक्षराइतकंच अंतर सोडावं आणि वाक्यं तोडावीत. पात्राने फुग्यात श्वास घ्यायला हवा. सरावाला एकच शब्द शंभरदा लिहावा: ‘वऱ्हाड’. त्यातला ऱ्ह ज्याच्या हाताला बसला त्याला पुढे काही अडत नाही. संगणकावर काम करणाऱ्यांना सांगायला नको. जुना फाँट असला की सगळी बाराखडी नीट उमटते आणि नेमकं आपल्या प्रांताचं नाव फुटतं.

आवाजांसाठी इंग्रजीकडे हात पसरू नयेत. आपल्याकडे धाडकन, फाडकन, सर्रकन, भस्सकन, बदाबदा आहे. शिवाय धाडदिशी. ही नुसती आवाजाची नक्कल नाही, यात पडणाऱ्याचं वजन आणि वेगही येतो. ‘बदकन’ पडणारा जाडा असतो, चित्रात दाखवायची गरज उरत नाही. आणि शब्द नकोतच असतील तर शि. द. फडणीस यांची चित्रं समोर ठेवावीत. लांबणीची खोड असेल तर १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी चालवलेला चिंटू पाहावा: तीन-चार चौकटींत घरही आलं, आईही आली, गंमतही झाली.

छापायला प्रेस लागत नाही. ए-चार कागदाची आठ घरं पडतील अशा घड्या घाला. उलगडा. आता आखूड बाजू आखूड बाजूवर येईल अशी एकच घडी ठेवा आणि घडीकडून मधल्या रेषेवर अर्ध्यापर्यंत कात्री चालवा. उलगडून कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. मुखपृष्ठासह आठ पानांची पुस्तिका, पिनेशिवाय, आणि एका बाजूच्या झेरॉक्सच्या खर्चात. पहिल्या वेळी चार पानं उलटी येतात. येऊ द्यावीत, पण कोऱ्या कागदावर.

आता काय पेरायचं. नवशिका मुखवट्याचा नायक शोधत हिंडतो. त्याने मे महिन्यात अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहावं. डोक्याला-तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे: निम्मं शहर मुखवट्यात असतं आणि स्कूटीवरून वेगाने कुठेतरी कोणालातरी वाचवायला चाललेलं असतं.

गोष्टींचा तर इथे ढीग आहे. दमयंती विदर्भाची. रुक्मिणी कौंडण्यपूरची, म्हणजे आपल्या तिवसा तालुक्यातली, आणि कृष्णाने तिला अंबादेवीच्या देवळातून नेलं असं अमरावतीत शेंबडं पोरही सांगतं. कीचकाला मारून भीमाने ज्या दरीत टाकलं तीच कीचकदरा, तेच चिखलदरा. पण चित्रकथांतला विदर्भ पाहिला तर काय दिसतं? खांब, पडदे, दासी, मागे कॅलेंडरातली हिरवळ. पोरगी आपली, देऊळ आपलं, आणि रथ पळतोय कुठल्या तरी बागेतून. काळी माती कुठाय? हरण श्रावणात झालं असतं तर चाकं आसापर्यंत रुतली असती आणि रुक्मिणी माहेरीच राहिली असती. मागून धावणारा रुक्मी संस्कृताळलेल्या मराठीत आव्हान देतो. तो इथला राजपुत्र आहे. तो म्हणेल, “कोठी चालला बे माह्या बयनीले घेऊन?” हे पान मी काढलंय. रथ चौकटीबाहेर आहे, कारण घोडे अजून जमत नाहीत. चाकाला लागलेली माती मात्र बरी उतरली आहे. बाभुळगावच्या मावशीने ती बोटाने चाचपून पाहिली.

बाजारभाव

मागणी आहे. विकायचं मन होत नाही.

एक जाहीर विनंती करून पुस्तिका संपवतो. ज्यात वेताळाचे हात बांधलेले आहेत आणि पाणी छातीपर्यंत आलेलं आहे असं इंद्रजाल कोणा वाचकाच्या माळ्यावर सापडलं तर त्याने मुखपृष्ठावरचा क्रमांक तेवढा कळवावा. शेवट कळवू नये. माझी अकरावी खेप चालू आहे.